पत्राच्या माथ्यावरचा देव

तमिळनाडूत लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा कागदाच्या वरच्या कडेला आधी एक छोटंसं वळण काढतो. मग तो कागद परीक्षेचा पेपर असो की वाणसामानाची यादी. तमिळ ‘उ’ अक्षरासारखं दिसणारं हे वळण म्हणजे ‘पिळ्ळैयार सुळि’, गणपतीची खूण. मराठीत आपण ‘श्री’ लिहितो, त्यातलाच प्रकार. मुसलमान घरातल्या पत्रावर त्याच जागी ७८६ दिसतं. ‘बिस्मिल्ला’ने सुरू होणाऱ्या अरबी वाक्यातल्या अक्षरांची संख्यामूल्यं मिळवली की हा आकडा येतो. ख्रिस्ती घरातल्या पत्रावर कधी छोटा क्रूस असतो.

आमच्या तंजावरात पोस्टमनच्या पिशवीत ही सगळी पत्रं एकमेकांना चिकटून यायची. वरची खूण पाहिली की घर कुठल्या धर्माचं ते कळतं, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते बरोबरही निघतं.

पण समजा दोनशे वर्षं गेली. लिहिणारा गेला, वाचणारा गेला, दोघांना ओळखणारेही गेले. हातात उरला फक्त कागद. आता त्या खुणेवरून सांगता येईल का, की हा माणूस मनाने कोण होता?

इजिप्तमधली दोन हजार वर्षांपूर्वीची घरगुती पत्रं वाचणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. आपल्या मराठी मोडी कागदांनाही तो विचारण्यासारखा आहे. म्हणून या वेळी ही दोन्ही दप्तरं शेजारी शेजारी उघडू या. आधी लांबचं, मग घरचं.

उकिरड्यात सापडलेली घरं

पपायरस ही नाईलच्या काठी उगवणारी, लव्हाळ्याच्या जातीची उंच वनस्पती. तिच्या दांड्याच्या गाभ्याच्या पट्ट्या काढायच्या, एक थर उभा आणि त्यावर एक आडवा ठेवायचा, दाबून वाळवायचं, की लिहायला पान तयार. इजिप्तची वाळू इतकी कोरडी, की ही पानं तिथे दोन हजार वर्षं टिकली.

१८९६-९७च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज अभ्यासकांनी ऑक्सिरिंकस नावाच्या जुन्या शहराचे उकिरडे खणायला घेतले. तिथून पुढच्या काही वर्षांत पपायरसचे लाखो तुकडे निघाले. त्यांत करारमदार होते, हिशेब होते, पावत्या होत्या. आणि घरची पत्रंही होती.

त्यातलं एक पत्र थेऑन नावाच्या मुलाचं आहे. वडील त्याला न घेता शहराला गेले म्हणून तो रुसला आहे. मला अलेक्झांड्रियाला नेलं नाही तर मी तुम्हाला पत्र लिहिणार नाही, तुमच्याशी बोलणार नाही, जेवणार नाही आणि पिणारही नाही, अशी त्याची धमकी. शुद्धलेखनाच्या नावाने आनंदच. हे पत्र वाचून थेऑनच्या घरात कुठल्या देवाची पूजा होती ते कळत नाही. त्याचा हट्ट मात्र पुरता कळतो.

घरगुती पत्रं बहुतांशी अशीच असतात. पैसे पाठवले, कापड पाठव, तब्येत कशी आहे, तुझं पत्र का नाही. धर्म येतो तो सुरुवातीच्या नमस्कारात आणि शेवटच्या आशीर्वादात. म्हणून अभ्यासक त्या दोन ओळींवर भिंग धरून बसतात.

एकच शब्द, बाप आणि देव

दुसऱ्या शतकातला अपिऑन हा इजिप्तच्या खेड्यातला तरुण रोमन आरमारात भरती झाला आणि इटलीतल्या मिसेनम बंदरात पोहोचला. तिथून त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र आज बर्लिनमध्ये आहे. समुद्रात संकट आलं तेव्हा प्रभू सेरापिसने मला वाचवलं, म्हणून त्याचे आभार, असं तो लिहितो. प्रवासखर्चाला तीन सोन्याची नाणी मिळाल्याचं सांगतो. स्वतःचं चित्र काढून पाठवल्याचं सांगतो. आणि आता माझं नाव अँटोनिअस मॅक्सिमस आहे, हेही कळवतो. आरमारात गेल्यावर त्याला रोमन नाव मिळालं होतं.

गंमत पुढेच आहे. सेरापिस देवाला तो ज्या ग्रीक शब्दाने ‘प्रभू’ म्हणतो, तो शब्द म्हणजे ‘कुरिओस’. पत्राच्या पहिल्या ओळीत वडिलांनाही तो हाच शब्द लावतो. आणि पुढे ख्रिस्ती लोक येशूला ‘प्रभू’ म्हणू लागले तेव्हा त्यांनीही हाच शब्द घेतला.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ‘स्वामी’ हा देवही असतो, मालकही असतो आणि संन्यासीही. वडिलांना लिहिताना आपण शतकानुशतकं ‘तीर्थरूप’ लिहीत आलो. उद्या मराठी येत नसलेल्या कुणी शब्दकोश घेऊन हे पत्र उघडलं, तर मुलगा एखाद्या तीर्थक्षेत्राला पत्र लिहितो आहे असं त्याला वाटेल.

मासे पाठव, आणि प्रभूच्या ठायी सुखी राहा

स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठाकडे एक छोटं पपायरस पत्र शंभराहून अधिक वर्षं पडून होतं. २०१९मध्ये प्राध्यापक सबीना ह्यूब्नर यांनी त्याचा काळ इसवी सन २३०च्या दशकातला असल्याचं दाखवलं. ख्रिस्ती माणसाने लिहिलेलं, आजवर माहीत असलेलं सर्वांत जुनं खासगी पत्र म्हणून आता ते ओळखलं जातं.

आरियानस नावाच्या भावाने पाउलस नावाच्या भावाला ते लिहिलं आहे. घर जमीनदाराचं, मुलं शिकलेली. मजकूर काय? घरची खुशाली. गावच्या कारभाराच्या बातम्या. आणि माशांपासून केलेलं आंबवलेलं तोंडीलावणं पाठव, तुला जे चांगलं वाटेल ते, अशी मागणी. श्रद्धेबद्दल चर्चा नाही, येशूचं चरित्र नाही. फक्त शेवटी, ‘प्रभूच्या ठायी तू सुखी असावंस’ अशा अर्थाची ओळ आहे, आणि त्यातला ‘प्रभू’ हा शब्द पहिलं नि शेवटचं अक्षर लिहून वर आडवी रेघ मारून आखूड केलेला आहे. पवित्र शब्द असे आखूड करण्याची पद्धत ख्रिस्ती लेखकांची. तेवढ्या दोन अक्षरांवरून आणि ‘पाउलस’ या त्या काळी तिथे दुर्मीळ असलेल्या नावावरून हे घर ओळखू आलं.

नंतरच्या ख्रिस्ती पत्रांवर तर ७८६सारखा आकडाही सापडतो. ग्रीक अक्षरांनाही संख्यामूल्य असतं, आणि ‘आमेन’ या शब्दाची बेरीज येते ९९. काही पत्रांवर आमेनऐवजी हे नव्याण्णवच लिहिलेलं आहे. ज्याला माहीत त्याला कळावं, इतरांना एक आकडा दिसावा.

म्हणजे खूण बोलते, हे खरं. पण ती कितपत बोलते, ते याच पत्राच्या गावात पाहू.

थिआडेल्फियाची प्रमाणपत्रं

आरियानसचं पत्र फायुम भागातल्या थिआडेल्फिया गावात सापडलं. पत्र लिहिलं गेलं त्यानंतर दहा-वीस वर्षांत, इसवी सन २५०च्या सुमारास, सम्राट डेशिअसचा हुकूम आला. साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांपुढे बळी द्यायचा, तीर्थ ओतायचं, प्रसाद खायचा आणि ते केल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. इजिप्तमध्ये अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रं सापडली आहेत आणि त्यातली बरीचशी याच थिआडेल्फियातली आहेत.

सगळ्यांचा मजकूर जवळपास एक. मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आजही तुमच्यासमोर दिला, कृपया सही करावी. खाली अधिकाऱ्यांची सही.

आता सांगा, हे प्रमाणपत्र घेणारा माणूस कोण? तो मनापासून जुन्या देवांचा भक्त असेल. किंवा जीव वाचवायला रांगेत उभा राहिलेला ख्रिस्ती असेल. एका प्रमाणपत्रात तर अर्जदार बाई स्वतःच मगरदेवाच्या मंदिराची पुजारीण आहे. तिलाही आपण देव मानतो हे लिहून द्यावं लागलं! सरकारी कागदावर सगळ्यांचा धर्म एकसारखा दिसतो, कारण सगळ्यांना एकच उत्तर विचारलं गेलं होतं.

मग खूण फसवते आणि प्रमाणपत्रही फसवतं, तर नावावरून ठरवावं का? हाही प्रयत्न झाला आहे. १९८२मध्ये रॉजर बॅगनॉल या अभ्यासकाने इजिप्तच्या कागदांतली नावं मोजून ख्रिस्ती धर्म किती वेगाने पसरला याचा अंदाज मांडला. त्यावर पुष्कळ वाद झाले. कारण सोपं आहे. डेशिअसच्या काळात अलेक्झांड्रियाचा जो बिशप होता, त्याचं नाव डायोनिसिअस. ग्रीकांच्या मद्याच्या देवावरून आलेलं नाव, आणि माणूस ख्रिस्ती धर्मगुरू.

नावाची ही कोडी सोडवायला इजिप्तला जायची गरज मात्र नाही. तंजावरचा राजवाडा पुरे.

सरफोजी या नावात कोण कोण

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य स्थापन केलं. ते १८५५पर्यंत चाललं. या घराण्यात शहाजी आणि सरफोजी ही नावं पुन्हा पुन्हा येतात. ती आली कुठून?

परंपरा अशी सांगते की मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला, आणि झालेल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. त्या शरीफजीचाच ‘सरफोजी’ झाला. पुढे तंजावरच्या संस्कृत आणि तमिळ ग्रंथांत याच सरफोजी राजांना ‘शरभेंद्र’ म्हटलं गेलं, आणि शरभ हे तर शिवाचं रूप. म्हणजे एका टोकाला पीर, दुसऱ्या टोकाला महादेव आणि मध्ये मराठी ‘जी’.

सर्वांत प्रसिद्ध सरफोजी म्हणजे दुसरे, १७९८ ते १८३२ या काळातले. सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे. तुळजाराजांनी त्यांना १७८७मध्ये दत्तक घेतलं आणि मृत्यूपूर्वी या लहान मुलाला एका जर्मन ख्रिस्ती पाद्र्याच्या देखरेखीत सोपवलं. त्यांचं नाव क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. गादीवरून घरात तंटा झाला तेव्हा मुलाच्या बाजूने तेच उभे राहिले, आणि त्याच्या शिक्षणाची तजवीजही त्यांनीच केली.

याच श्वार्ट्झ यांच्याकडे आणखी एक मुलगा शिकला, वेदनायगम शास्त्री. १७७४मध्ये तिरुनेलवेलीत जन्मलेले हे तमिळ कवी. नाव वाचून तुम्ही जानवं डोळ्यांसमोर आणलं असेल. ते ख्रिस्ती होते आणि त्यांनी ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिली.

आणि राजे? पाद्र्याने वाढवलेला हा मुलगा हिंदूच राहिला. १८०३मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो लांबलचक शिलालेख आजही तिथे उभा आहे. १८२० ते १८२२ या काळात मोठा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेला गेले. त्यांच्या आधी गादीवर असलेल्या प्रतापसिंहांनी नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच, सुमारे १३१ फुटांचा मिनार बांधून दिला होता. घर तेच.

नावं मोजून धर्म सांगणाऱ्याने तंजावरच्या या घराण्यापुढे काय करावं?

रमजानची तारीख, खाली साष्टांग नमस्कार

आता मराठी पत्राकडे येऊ. सरस्वती महालात तंजावर राज्याच्या मोडी कागदांची हजाराहून अधिक गाठोडी आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यातल्या काहींचं तमिळ भाषांतर खंडांच्या रूपात छापलं आहे. महाराष्ट्रात पुण्याचं पेशवे दफ्तर आहेच. आणि वि. का. राजवाड्यांनी घराघरांत फिरून जमवलेले कागद १८९८पासून खंडाखंडाने छापले गेले.

अठराव्या शतकातलं मराठी पत्र कसं असतं? वर ‘श्री’. मग नात्याप्रमाणे मायना. वडिलांना साष्टांग नमस्कार, मुलाला अनेक आशीर्वाद. इथलं कुशल जाणून तुमचं कुशल लिहीत जावं. मग कामाची गोष्ट. आणि शेवटी, बहुत काय लिहिणे.

तारीख मात्र बघा. अनेक पत्रांत हिंदू तिथीऐवजी किंवा तिच्याबरोबर ‘छ’ लिहून पुढे आकडा आणि मुसलमानी महिना येतो. छ म्हणजे चंद्र. छ १२ रमजान, छ ५ सफर, असं. वर्षही कधी शुहूर सनात, अरबी आकड्यांत लिहिलेलं. ‘इहिदे समानीन मया व अलफ’ म्हणजे एक, ऐंशी, शंभर आणि हजार, एकूण ११८१. आपल्या इसवी सनात १७८०-८१.

सोवळ्यात जेवणारा पुण्याचा ब्राह्मण कारकून रमजानची तारीख घालून पत्र लिहीत होता आणि त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नव्हतं. ती कचेरीची रीत होती. फक्त तारखेची ओळ उरली असती तर आपण त्याला काय ठरवलं असतं?

आणखी एक गोष्ट. ही सुरुवातीची वाक्यं कितीदा मालकाची असत आणि कितीदा कारकुनाची? इजिप्तमध्येही लिहिता न येणारे लोक लेखनिकाकडून पत्र लिहून घ्यायचे. मायना त्याच्या हाताला बसलेला असायचा.

आपल्या मायन्यात धर्मापेक्षा नातं जास्त दिसतं. कोण थोरलं, कोण धाकटं, कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही. ‘सौभाग्यवती’ आणि ‘गंगाभागीरथी’ या दोन शब्दांत बाईचं सगळं आयुष्य पत्राच्या पहिल्याच ओळीत उघडं पडायचं. हीही एक ओळखच, आणि ती तिला विचारून लावलेली नव्हती.

थोरल्या भावाची दोन पत्रं

तंजावरशी जोडलेलं सर्वांत हृद्य घरगुती पत्र शिवाजी महाराजांनी व्यंकोजी राजांना लिहिलेलं आहे. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात त्याचं इंग्रजी भाषांतर दिलं आहे, त्यामुळे ते बऱ्याच जणांच्या वाचनात आलं आहे.

त्याआधी दोन भावांत वडिलांच्या जहागिरीच्या वाट्यावरून चांगलंच वाजलं होतं. तेव्हाच्या एका पत्रात महादेवाची आणि भवानीची कृपा आपल्यावर आहे, हे ओळखायला हवं होतंस, असं थोरल्याने धाकट्याला ठणकावून लिहिलं आहे. तिथे देव वादात साक्षीला आला आहे.

नंतर समेट झाला. पण धाकटा भाऊ खचला. रघुनाथपंत हणमंते यांनी महाराजांना कळवलं, की राजे उदास असतात, शरीराची काळजी घेत नाहीत, सणवारही नीट करत नाहीत, फौज रिकामी बसली आहे, एखाद्या तीर्थाच्या ठिकाणी जाऊन राहावं असं म्हणतात.

यावर थोरल्या भावाने काय लिहिलं? फार दिवस तुमचं पत्र नाही म्हणून चैन पडत नाही, अशी सुरुवात. मग वडिलांनी किती संकटं सोसून सगळं उभं केलं त्याची आठवण. आणि मग सांगणं, की मी पाठीशी असताना तुम्हाला काळजी कसली? वैराग्याच्या गोष्टी म्हातारपणी कराव्यात. आता उठा, उद्योग करा, पराक्रम करून दाखवा, आम्हालाही तो बघू द्या.

कागदावर नुसती धर्माची ओळ शोधणाऱ्याला इथे काय मिळेल? तीर्थ, वैराग्य, सणवार. पण पत्राचा जीव त्या शब्दांत नाही. भाऊ शरीराची काळजी घेत नाही, कशात मन घालत नाही, आणि विरक्तीचं नाव पुढे करून तो मनाने बुडतो आहे, हे शेकडो कोसांवरच्या भावाने ओळखलं. आज आपण ज्याला नैराश्य म्हणतो, ते त्याने सण नीट होत नाहीत या खबरीतून वाचलं.

एकच लेखक, एकच वाचक, एकच कुलदैवत. तरी एका पत्रात देव भांडणात बोलावलेला आणि दुसऱ्यात वैराग्यापासून परत फिर म्हणून विनवणी. धर्म दोन्हीकडे आहे, पण त्याचं काम वेगळं आहे. ते काम ओळखायला पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं.

राजाने पाद्र्यासाठी लिहिलेलं

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ला वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. १८०१मध्ये त्यांनी लंडनच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेला पत्र लिहून आपल्या या पालकासाठी संगमरवरी स्मारक मागवलं. जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराने ते घडवलं. तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते आजही आहे. म्हातारे पाद्री मरणशय्येवर आहेत आणि तरुण मराठा राजा त्यांचा हात हातात घेऊन उभा आहे. पाद्र्यांच्या समाधीच्या दगडावर राजांनी स्वतः इंग्रजीत रचलेल्या ओळी आहेत.

हे चर्च आणि बृहदीश्वराचं देऊळ यांच्यातलं अंतर चालत काही मिनिटांचं. देवळात कोरलेला इतिहास घराण्याचा आहे, त्यात राजा बोलतो. समाधीवरच्या ओळी एका मुलाच्या आहेत, ज्याला लहानपणी कुणीतरी सांभाळलं होतं. एक कागद किंवा एक दगड तेवढाच हाती आला असता तर कुणी त्यांना कट्टर शैव म्हटलं असतं, कुणी छुपा ख्रिस्ती. त्यांच्या हयातीत मिशनरी मंडळींपैकी काहींना ते धर्म बदलतील अशी आशा होतीही. तसं घडलं नाही, आणि त्यांची माया कमीही झाली नाही.

आपल्या पेटीतली पत्रं

राजांच्या पत्रांना गाठोडी मिळाली, ग्रंथालय मिळालं. तंजावरच्या साध्या मराठी घरांतल्या पत्रांना कावेरीची दमट हवा आणि वाळवी मिळाली. इजिप्तमध्ये रुसलेल्या पोराचं पत्र टिकलं, इथे तशी किती गेली असतील. आज इथल्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते, पण ती लिहायची वेळ आली की तमिळ लिपी हाताशी येते. मोडी तर घरात कुणालाच लागत नाही. मग आजोबांच्या पेटीतला कागद ‘काहीतरी जुनं’ म्हणून रद्दीत जातो.

तुमचं घर तंजावरात असो, सोलापुरात की न्यू जर्सीत, माळ्यावर एखादी पेटी असेलच. ती उघडलीत तर काही गोष्टी लक्षात ठेवा.

पत्र लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. दोन्ही बाजूंचा आणि पाकिटाचाही फोटो काढा, कारण तारीख पुष्कळदा पोस्टाच्या शिक्क्यावरच असते. कुणी कुणाला लिहिलं ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. लिहिणाऱ्याला ओळखणारं घरात कुणी असेल, तर त्यांना आजच विचारा. मोडी असेल तर फेकू नका. मोडी शिकवणारे वर्ग चालतात आणि वाचून देणारी माणसंही आहेत.

कोपऱ्यांना हळद लावलेलं पत्र असेल तर ते लग्नाचं किंवा शुभकार्याचं. माथ्यावर ‘श्री’ असेल, कुलदैवताचं नाव असेल, पिळ्ळैयार सुळि असेल. आणि एखाद्या पत्रावर तुम्हाला अपेक्षित नसलेली खूण दिसली, म्हणजे आजीच्या चीजवस्तूंत ७८६ लिहिलेलं पत्र किंवा क्रूस छापलेलं नाताळचं कार्ड, तर ते बाजूला काढून टाकू नका. ‘हे आपल्यातलं नाही’ असं म्हणून एखाद्या मैत्रिणीची तीस वर्षं आपण कचऱ्यात टाकत असू.

आजच्या आपल्या खुणा फोनमध्ये आहेत. डीपीवरचा देव, नावापुढचं चिन्ह, सकाळच्या सुविचाराखालचं हात जोडलेलं चित्र. त्यावरून आपण रोज माणसांच्या राशी लावतो. हा आपला, तो त्यांच्यातला. त्यातल्या किती खुणा माणसाने स्वतः निवडल्या, किती फॉरवर्ड झालेल्या आणि किती ग्रुपमध्ये दिसायला हव्यात म्हणून ठेवलेल्या, हे बाहेरून कळत नाही. थिआडेल्फियाच्या रांगेतही ते कळत नव्हतं.

म्हणून एवढंच सुचवते. पुढच्या वेळी घरातलं जुनं पत्र हातात आलं, तर माथ्यावरची ओळ वाचून थांबू नका. त्यात काय मागितलं आहे, कुणाच्या तब्येतीची चौकशी आहे, कुणाचं पत्र आलं नाही म्हणून कोण बेचैन आहे, तिथपर्यंत जा. आणि वाचल्यावर ते कुणी, कुणाला, कधी लिहिलं होतं, हे घरातल्या लहान मुलांना सांगून ठेवा.